घरबसल्या एनएचएसचा डेंटिस्ट मिळवा

इंग्लंडात नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींसाठी, आणि भारतात त्यांच्या काळजीत असलेल्या आईवडिलांसाठी, सोपी कृती

साहित्य

दाढ, एक. शक्यतो मागची, आणि पूर्वी कधीतरी भरून घेतलेली. लवंगेचे तेल, छोटी बाटली. पॅरासिटामॉल. फोन, पूर्ण चार्ज केलेला. वही आणि पेन. सकाळी आठ वाजता मोकळा असलेला एक मनुष्य. घरात असा कोणी नसेल तर ऑफिसात रजा टाकावी. चिकाटी, चवीनुसार.

याशिवाय व्हिसाच्या पैशांची पावती समोर ठेवावी. ती कोणी मागत नाही, पण तिच्याकडे पाहिले की हुरूप टिकतो. त्या पावतीवर ‘इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज’ अशी एक रक्कम सापडेल. फेब्रुवारी २०२४ पासून ती प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे; विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६. पाच वर्षांचा व्हिसा घेतलेल्या नवराबायकोने विमानात पाऊल ठेवण्याआधीच दहा हजारांवर पौंड मोजलेले असतात. तेव्हा इथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेकडे, म्हणजे एनएचएसकडे, तुम्ही धर्मादाय मागायला निघालेला नाहीत. हे पैसे भरले की तुम्हाला इथल्या रहिवाशाच्या बरोबरीचा हक्क मिळतो. पुढे दिलेली सगळी कृती तो बरोबरीचा हक्क बजावण्याची आहे. इथे जन्मलेल्या जॉनलाही हेच करावे लागते. भेदभावाची तक्रार करायला जागा नाही.

ज्यांचे विमान अजून सुटलेले नाही, त्यांनी लेख इथेच खाली ठेवून आपल्या नेहमीच्या दंतवैद्याकडे जावे आणि असतील नसतील ते सगळे दात दाखवून घ्यावेत. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

ही कृती इंग्लंडापुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, दरही वेगळे. तिथल्या नातेवाइकांशी तुलना करून उगाच मनस्ताप करून घेऊ नये.

पायरी पहिली: नोंदणीचा विचार सोडणे

इथे आल्यावर जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या एनएचएस डॉक्टरकडे, नाव नोंदवतात. फॉर्म भरला की ते काम होते, आणि तिथेच नवशिक्याची फसगत होते. त्याला वाटते, डेंटिस्टचेही असेच असणार. एप्रिल २००६ पासून डेंटिस्टकडे कायमची नोंदणी हा प्रकार इंग्लंडात उरलेलाच नाही. दवाखान्याची जबाबदारी चालू उपचारापुरती. शेवटची बैठक आटोपून तुम्ही रस्त्यावर आलात, की नियमाच्या दृष्टीने तुमचा आणि त्या डेंटिस्टचा काही संबंध नाही.

तरीही फोन लावला की पहिला प्रश्न येतो, “आमच्याकडे रजिस्टर्ड आहात का?” याचे खरे उत्तर ‘कोणीच नसते’ असे आहे. ते देऊ नये. रिसेप्शनिस्टबाईंशी नियमावर वाद घालून आजवर कोणाची दाढ भरून निघालेली नाही.

पायरी दुसरी: यादी वाचणे

एनएचएसच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड घातला की जवळच्या दवाखान्यांची यादी येते. प्रत्येक नावाखाली एक शेरा असतो. त्यांतला सगळ्यांत आशादायक शेरा असा, की नवे एनएचएस रुग्ण घेतो की नाही याची ताजी माहिती या दवाखान्याने दिलेली नाही, तेव्हा स्वतःच विचारा. दुसरा असा, की दुसऱ्या डेंटिस्टने चिठ्ठी देऊन पाठवले तरच घेऊ. ती चिठ्ठी देणारा डेंटिस्ट तुमच्याकडे असता तर तुम्ही ही यादी कशाला वाचत बसला असतात, हा प्रश्न संकेतस्थळाला विचारायची सोय नाही. आणि ‘होय, १८ वर्षांवरील नवे रुग्ण घेतो’ असा शेरा दिसलाच, तर तो किती जुना आहे ते फोनवर कळते.

बीबीसीने २०२२च्या उन्हाळ्यात देशभरच्या सुमारे सात हजार दवाखान्यांना फोन लावले होते. दहातल्या नऊंनी नवे प्रौढ एनएचएस रुग्ण घेत नसल्याचे सांगितले. बातमीदारांची अख्खी फौज लावून बीबीसीला जे जमले नाही, ते आपल्याला एकट्याने साधायचे आहे. चिकाटी चवीनुसार म्हटले होते. इथे मूठभर टाकावी.

जवळची नावे संपली की अंतर वाढवत जावे. जीपीप्रमाणे इथे हद्दीचा प्रश्न नसतो, देशातल्या कोणत्याही गावच्या डेंटिस्टकडे जाता येते. पूर्वेकडच्या नॉर्फक आणि सफोक परगण्यांत याचा सराव लोकांना चांगला आहे. वर्तमानपत्रे त्या भागाला ‘दातांचे वाळवंट’ म्हणतात. सफोकमधल्या लेस्टन नावाच्या लहानशा गावात २०२१ साली शेवटचा एनएचएस दवाखाना बंद पडल्यावर लोकांनी ‘टूथलेस इन सफोक’ नावाची चळवळ काढली. पुढे तिचे नाव ‘टूथलेस इन इंग्लंड’ करावे लागले.

पायरी तिसरी: फोन

इथे दाताच्या कण्या करायच्या असतात. आवाज नम्र ठेवावा, पण फार आजारी वाटू देऊ नये. का, ते पुढे शास्त्रात येईल. संभाषणाचा नमुना देत आहे, तो पाठ करावा.

तुम्ही: नमस्कार. एनएचएसचे नवे पेशंट घेता का?

त्या: सध्या नाही घेत, सॉरी.

तुम्ही: वेटिंग लिस्टवर नाव घालाल का?

त्या: लिस्ट फार मोठी झाली म्हणून बंद केलीय.

तुम्ही: ती परत कधी सुरू होईल?

त्या: सांगता येणार नाही. अधूनमधून फोन करत जा.

तुम्ही: दाढ फार ठणकतेय हो.

त्या: अरेरे! प्रायव्हेटमध्ये उद्या सकाळी नऊ चाळीसला जागा आहे. देऊ?

या शेवटच्या वाक्याने नवशिका गोंधळतो. त्याला वाटते, प्रायव्हेटवाला डेंटिस्ट वेगळा असेल. बहुतेक वेळा डेंटिस्ट तोच असतो, खुर्ची तीच असते, बधिर करायचे इंजेक्शनही त्याच कपाटातले असते. वेगळा असतो तो फक्त तुमच्या पैशांचा रस्ता. दाढेच्या रूट कॅनालला प्रायव्हेटमध्ये पाचसहाशे पौंडांपासून हजाराच्या पुढेही पडतात. ज्यांच्या खिशाला हे सोसते त्यांनी “द्या” म्हणावे आणि उरलेला लेख करमणूक म्हणून वाचावा.

थोडे शास्त्र

या बाईंचा राग येणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातो.

गल्लीतला एनएचएस डेंटिस्ट सरकारी नोकर नसतो. तो आपला दवाखाना स्वतः चालवतो आणि एनएचएसकडून वर्षभराच्या कामाचे कंत्राट घेतो. या कंत्राटात काम रुग्णांवर मोजत नाहीत, दातांवरही मोजत नाहीत. ते ‘यूडीए’ नावाच्या एककात मोजतात. २००६च्या करारातून हे एकक आले. तपासणीला एक यूडीए. दात भरणे, काढणे, रूट कॅनाल, यांना तीन. कॅप, ब्रिज किंवा कवळीला बारा. इथवर ऐकायला बरे वाटते. गंमत अशी की बरीच वर्षे एक दाढ भरली तरी तीन यूडीए मिळत, आणि सहा दाढा भरून वर दोन काढल्या तरी तीनच. ‘राइस प्लेट, भात-पोळी हवी तेवढी’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलात तालमीतली पोरे रोज जेवायला येऊ लागली तर मालक काय करील? तो दारात उभा राहून गिऱ्हाईक निवडू लागेल.

डेंटिस्टही तेच करतो. नेमाने येणारा, तोंड उघडल्यावर काहीही न सापडणारा जुना रुग्ण त्याला परवडतो. पाच वर्षे कोणी बघितलेच नाही असे तोंड घेऊन आलेला नवा रुग्ण परवडत नाही, कारण त्याच्यामागे तासन्‌तास जाणार आणि यूडीए तेवढेच मिळणार. ज्याचे दात जितके खराब तितका तो नकोसा, हा हिशेब कोणा डेंटिस्टच्या मनाच्या कोतेपणातून आलेला नाही. तो कागदावर लिहून, सही करून दिलेला आहे. १६ वर्षांनी, २०२२च्या नोव्हेंबरात, त्याला थोडे ठिगळ लावले: तीन किंवा अधिक दात भरायचे वा काढायचे असतील तर पाच यूडीए, दाढेच्या रूट कॅनालला सात.

यूडीएचा भावही सगळीकडे सारखा नाही. २००४-०५च्या सुमारास त्या दवाखान्यात किती आणि कसले काम झाले होते यावरून तो ठरला, आणि तोच पाया पुढे चालत आला. तुम्ही पुण्यात बारावीचे क्लास लावत होतात तेव्हा इंग्लंडातल्या कुठल्याशा गावी कोणी किती दाढा भरल्या, यावर आज तुमच्या दाढेला काय भाव मिळणार ते अवलंबून आहे. किमान भाव म्हणून काही ठरले तेच मुळी २०२२ मध्ये, २३ पौंड. २०२४ मध्ये तो २८ झाला. एवढ्यात घरभाडे, नर्स, साहित्य आणि लॅब भागत नाही म्हणून डेंटिस्ट एनएचएसचे काम कमी करत जातात आणि प्रायव्हेट वाढवत जातात. व्यवसाय ते सोडत नाहीत, गावही सोडत नाहीत. पाटी तशीच राहते, फक्त आतली वेळापत्रके बदलतात.

आता खरी कमाल. कबूल केलेल्या यूडीएंपैकी ९६ टक्क्यांहून कमी काम झाले तर दवाखान्याला पैसे परत करावे लागतात. काम करायला डेंटिस्टच मिळत नाहीत, म्हणून काम कमी होते, म्हणून पैसे परत जातात. २०२२-२३ या एका वर्षात असे सुमारे ४० कोटी पौंड न वापरता राहिले. एकूण तरतूद वर्षाला ३०० कोटींच्या आसपास. आणि ही सगळी तरतूद शेवटच्या पेनीपर्यंत खर्च झाली असती, तरी तिच्यात इंग्लंडच्या जेमतेम निम्म्या लोकांना दोन वर्षांतून एकदा डेंटिस्ट दिसला असता, असे संसदेच्या लोकलेखा समितीनेच २०२५ मध्ये सांगितले. प्रत्यक्षात मार्च २०२४ पर्यंतच्या दोन वर्षांत ४० टक्के प्रौढांना तो दिसला; कोविडपूर्वी हे प्रमाण ४९ टक्के होते.

लक्षात घ्या, प्रौढांसाठीची सेवा बंद करण्याचा ठराव कुठेही झालेला नाही. कोणत्याही मंत्र्याने उभे राहून ‘मोठ्या माणसांच्या दातांशी आमचा संबंध नाही’ असे म्हटलेले नाही. तसे म्हटले असते तर लोक चिडले असते, मोर्चे निघाले असते, सरकारला उत्तर द्यावे लागले असते. त्यापेक्षा हे सोयीचे आहे. तुम्ही पात्र आहात, तुमचा हक्क शाबूत आहे, फक्त फोनवरच्या बाई सध्या नाही म्हणतात. आणि ‘सध्या’ला तारीख नसते.

थोडा इतिहास (घाईत असलेल्यांनी वगळावा, पण फोन होल्डवर असताना वाचायला बरा)

एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा दातांचे सगळे काम फुकट होते, काढण्याचेही आणि बसवण्याचेही. कवळ्यांसाठी झुंबड उडाली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये प्रौढ माणसाच्या तोंडात स्वतःचे दात असतीलच असे नव्हते. अगदी १९६८च्या पाहणीतसुद्धा इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांना स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता. काही भागांत तर लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी बसवून देत, म्हणजे पुढे नवऱ्याच्या डोक्यावर दातांचा खर्च नको. हुंड्याचा हा प्रकार आपल्याकडे कोणाला सुचला नाही, हे नशीब.

फुकटेपणा तीन वर्षेही टिकला नाही. १९५१ साली कोरियाच्या युद्धापायी शस्त्रांना पैसा हवा होता, तेव्हा अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्यांवर आणि चष्म्यांवर आकार बसवला. एनएचएसचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी चर्चिल यांच्या सरकारने साध्या दंतोपचारालाही एक पौंडापर्यंत आकार लावला. सर्वांसाठी, सर्व काही, विनामूल्य, या वचनाला पहिली कीड लागली ती दातांच्याच बाजूने. त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारने ती कीड बघितली, ‘हम्म’ म्हटले आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली. टोनी ब्लेअर यांनी १९९९ साली पक्षाच्या अधिवेशनात सांगितले होते की दोन वर्षांत प्रत्येकाला एनएचएस डेंटिस्ट मिळेल.

पायरी चौथी: रांग

ब्लेअर यांच्या त्या वचनानंतर, २००४ साली, यॉर्कशरच्या स्कारबरो गावात नवा एनएचएस दवाखाना उघडला. नाव लावण्यासाठी फुटपाथवर एवढी रांग लागली की तिचे फोटो देशभर छापून आले. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात बंद पडलेला दवाखाना स्थानिक लोकांनी भांडून २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू करून घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी शेकडो माणसे उभी राहिली आणि रांग आवरायला पोलीस आले. मध्ये वीस वर्षे गेली. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, रांगेतल्या कोटांची फॅशन बदलली.

या दोन्ही प्रसंगांवरून नवशिक्याने एवढेच शिकावे की जवळपास नवा दवाखाना उघडतोय अशी कुणकुण लागली तर उजाडायच्या आत निघावे. घडीची खुर्ची, थर्मास, छत्री. डब्यात मऊ काहीतरी. उपमा चालेल, चकली नको. रांगेत ओळखी चांगल्या होतात, कारण सगळ्यांना विषय एकच असतो आणि कोणालाही हसायची सक्ती नसते.

२०२४च्या त्याच फेब्रुवारीत सरकारनेही योजना जाहीर केली: नवा रुग्ण घेतला तर डेंटिस्टला वर १५ किंवा ५० पौंड, आडभागात जाऊन राहील त्याला २० हजार पौंड, शिवाय फिरत्या व्हॅन. नव्या रुग्णांच्या बक्षिसावर निदान ८ कोटी ८० लाख पौंड गेले, आणि बघितलेल्या नव्या रुग्णांची संख्या ३ टक्क्यांनी घटली. हेही लोकलेखा समितीचेच म्हणणे. पैसे देऊन रुग्ण कमी करणे ही किमया सहज साधत नाही.

पायरी पाचवी: १११

रात्री दोन वाजता दाढ उठली तर १११ हा क्रमांक फिरवावा. पलीकडचा मनुष्य प्रश्नावलीतून प्रश्न विचारत जातो. उत्तरे खरी द्यावीत. नशीब असेल तर तातडीची वेळ मिळते, कधी दुसऱ्या गावी. तिथे दुखणे थांबवतात: दाढ काढतात, तात्पुरती भरतात किंवा गोळ्या देतात. पुढचे उपचार ‘तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे’ करून घ्यायला सांगतात. इथे पायरी पहिली पुन्हा वाचावी.

जीपीकडे जाऊ नये. तो दातांना हात लावत नाही आणि ते त्याचे कामही नाही.

पुढची ओळ मात्र चेष्टेत घेऊ नये. सूज डोळ्यापर्यंत किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप चढत असेल, तोंड उघडेनासे झाले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोन-रांग-यादी सगळे सोडून सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. दातातला पू जीव घेऊ शकतो.

घरगुती उपाय

मेडिकलच्या दुकानात दात तात्पुरता भरायचे छोटे किट मिळते. निघालेली कॅप चिकटवायचेही मिळते. हे दोन-चार दिवसांची वेळ निभावून नेण्यासाठी असते. लोक त्यावर वर्ष काढतात. मार्च २०२३च्या यूगव्हच्या पाहणीत दहातल्या एकाने स्वतःच्या दातांवर स्वतःच कारागिरी करून बघितल्याचे कबूल केले. त्याच साली संसदेच्या आरोग्य समितीपुढे पकडीने स्वतःचे दात उपटणाऱ्यांच्या कहाण्या आल्या, आणि एकविसाव्या शतकात हे खपवून घेण्यासारखे नाही असे समितीने अहवालात लिहिले. हे मार्गदर्शन पकडीच्या वापराबद्दल काहीही सांगणार नाही. ती साहित्याच्या यादीत नव्हती हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.

डेंटएड नावाची एक धर्मादाय संस्था आहे. गरीब देशांतल्या लोकांच्या दातांसाठी ती निघाली होती. आता तिच्या व्हॅन इंग्लंडातल्या गावांत उभ्या राहतात. आपल्या गावात कधी येते ते बघून ठेवायला हरकत नाही; लाज वाटण्याचे कारण नाही, रांगेत पुढेमागे कोणीही असू शकते.

पायरी सहावी: गावी जाणे

इंग्रज मंडळी दातांसाठी हंगेरीला आणि तुर्कस्तानला जातात. आपल्याला पुणे आहे. रूट कॅनालच्या दोनतीन बैठका आणि कॅप यायला लागणारे दिवस तीन आठवड्यांच्या रजेत व्यवस्थित बसतात. दोनतीन दाढांचे काम साठले असेल तर तिकीट धरूनही प्रायव्हेटपेक्षा हिशेब बरा पडतो, वर आईच्या हातचे जेवण. अट एवढीच की दाढेने दिवाळीपर्यंत कळ काढली पाहिजे. पहिल्याच दिवशी दवाखान्यात जावे. शेवटच्या आठवड्यावर ढकलले तर कॅप तयार होते आणि विमान सुटलेले असते.

इथे कोणी छाती फुगवू नये. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अशी थोडकी मोठी सार्वजनिक ठिकाणे सोडली तर आपला महाराष्ट्रही खिशातले पैसे मोजूनच दात राखतो, आणि ज्याच्या खिशात नाहीत तो दात राखत नाही. फरक एवढाच, की आपल्याला कोणी आगाऊ पैसे घेऊन पावती दिली नव्हती.

घरातच बीडीएस असल्यास

ही शक्यता मराठी घरांत बरीच असते. नवऱ्याची आयटीतली नोकरी, बायको दंतवैद्य, गावाकडे चालता दवाखाना बंद करून आलेली. इंग्लंडाला डेंटिस्ट हवे आहेत आणि घरात डेंटिस्ट बसलेली आहे, तेव्हा प्रश्न सुटला असे नवशिक्याला वाटते. भारतातल्या पदवीवर इथे काम करायचे तर बहुतेकांना ओआरई नावाची दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. तिच्या जागा खुल्या झाल्या की काही मिनिटांत भरतात, हजारो लोक ताटकळत असतात, आणि पहिला भाग एकदा दिला की पाच वर्षांच्या आत सगळे आटोपावे लागते. फी हजारो पौंडांत. तोवर अनेक जणी डेंटल नर्स म्हणून काम करतात. खुर्चीशेजारी उभे राहून लाळ ओढणारी नळी धरायची, हत्यारे हातात द्यायची. समोरच्या तोंडात काय करायला हवे हे त्यांना दिसत असते. गावी त्यांनी अशी तोंडे रोज बघितलेली असतात. आणि त्याच दवाखान्याच्या दर्शनी भागात बसलेल्या बाई फोनवर सांगत असतात की डेंटिस्ट कमी आहेत म्हणून सध्या घेता येत नाही.

अशा गृहिणीकडून घरच्या घरी उपचार करून घेऊ नयेत. तो इथे गुन्हा आहे. दाढ बघून ‘हे वाढणार आहे’ एवढे ती सांगू शकते.

मिळालाच तर

चमत्कार होतात. कोणीतरी गाव सोडून जाते, एखादा दवाखाना एप्रिलमध्ये चार जागा उघडतो, आणि नेमका तुमचाच फोन लागतो. दिलेली वेळ कोणतीही असो, हो म्हणावे. ऑफिसातली बैठक, मुलीचे स्नेहसंमेलन, धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉलवरचा साखरपुडा, सगळे पुढे ढकलता येते.

जाताना पैसे न्यावेत. एनएचएस म्हणजे फुकट, हा समज विमानतळावरच सोडून द्यायला हवा होता. एप्रिल २०२५च्या दरांप्रमाणे तपासणीला, म्हणजे पहिल्या बँडला, २७.४० पौंड, दात भरणे वगैरे दुसऱ्या बँडला ७५.३०, कॅप आणि कवळ्यांच्या तिसऱ्या बँडला ३२६.७०. एका उपचारक्रमाला एकदाच, त्यामुळे मिळालेच आहे तर तोंडातले सगळे सांगून टाकावे. गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत आईला आकार माफ. ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्यांनाही माफ, आणि बेताचे उत्पन्न असणाऱ्यांना एचसी१ नावाचा लांबलचक फॉर्म भरून सवलत मागता येते. साठी ओलांडली म्हणून मात्र माफी नाही. औषधांच्या चिठ्ठ्या त्या वयात फुकट होतात, दात होत नाहीत. चुकीच्या रकान्यात खूण करून माफी घेतली तर चुकवलेला आकार भरावा लागतो आणि वर १०० पौंडांपर्यंत दंड, म्हणून चष्मा लावून फॉर्म भरावा. आणि माफी पैशांची असते, अपॉइंटमेंटची नव्हे. बाळंतपणाच्या सवलतीचे वर्ष फोन करण्यात संपलेल्या बायका या देशात कमी नाहीत.

डेंटिस्ट बहुधा चांगलाच असतो. दमलेला असतो, पण चांगला. तो नीट बघेल, समजावून सांगेल, हात हलका असेल. पुढची तपासणी तुमच्या दातांच्या तब्येतीप्रमाणे तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही सांगू शकतो. ती तारीख चुकवू नये. एकदा चुकली किंवा दोनेक वर्षे फिरकला नाहीत, तर बरेच दवाखाने नाव काढून टाकतात. घर बदलायचे तर त्याच बसच्या रस्त्यावर बदलावे.

निघताना रिसेप्शनवर पैसे भरताना बाई विचारतील, दातांची सफाई करून घ्यायची का. दातांच्या तब्येतीसाठी गरजेची असेल तर ती भरलेल्या आकारातच येते, असे नम्रपणे सांगावे. त्या हसून म्हणतील, हो येते ना, पण डॉक्टरांची एनएचएसची पुढची वेळ तीन महिन्यांनी आहे. हायजिनिस्ट मंगळवारी मोकळी आहे. प्रायव्हेट.